टोंकावरच्या गांवाचें अगत्य

रात्रीच्या वेळीं परक्या गांवीं उतरलेला प्रवासी पहिला प्रश्न विचारतो तो 'राहावयास जागा मिळेल का?' हा होय. बहुतेकांच्या बाबतींत हा प्रश्न केवळ पैशाचा व सोयीचा असतो. खोली रिकामी आहे, भाडें परवडतें, ऊन पाण्याची व्यवस्था आहे, एवढें कळलें म्हणजे त्यांचें समाधान होतें. परंतु जगांत असेहि कित्येक प्रवासी आहेत कीं, त्यांच्या या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. दोन पुरुष, किंवा दोन स्त्रिया, परस्परांचे जन्माचे जोडीदार म्हणून एकत्र प्रवास करीत असतात. किंवा एखादी व्यक्ति जन्मतः तिला दिलेल्या लिंगाहून निराळ्या लिंगभावानें आपलें आयुष्य जगत असते. वहींत नांवें लिहून घेतांना यजमानाच्या कपाळाला आठी पडते कीं नाहीं, शेजारच्या खोलींतील कुटुंब कुजबुजूं लागतें कीं नाहीं, यावर त्यांच्या साऱ्या प्रवासाचें सुखदुःख अवलंबून असतें. अशा समलिंगी व पारलिंगी प्रवाशांना ज्या गांवानें अनेक पिढ्या आसरा दिला, आणि त्या पाहुण्यांच्या आधारानें स्वतःचाहि संसार सावरला, त्या अमेरिकेंतील प्रोव्हिन्सटाउन नांवाच्या गांवाची ही हकीगत आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स नांवाचें संस्थान आहे. त्या संस्थानांतील केप कॉड हा भूभाग समुद्रांत असा शिरला आहे कीं, नकाशावर पाहिल्यास कोणी हात बाहेर काढून तो कोपरांत दुमडावा व मूठ वळावी तसा तो दिसतो. त्या मुठीच्या अगदीं टोंकाला प्रोव्हिन्सटाउन वसलें आहे. बोस्टन शहराहून जमिनीवरून जावयाचें तर या सबंध हाताला वळसा घालावा लागतो. बोटीनें मात्र सुमारें दीड तासांत उपसागर ओलांडतां येतो. सभोंवार पाणी, पाठीशीं वाळूच्या टेकड्या, आणि बंदराच्या कांठाकांठानें गेलेला 'कमर्शियल स्ट्रीट' नांवाचा अरुंद रस्ता, अशी गांवाची ठेवण आहे. २०२० च्या खानेसुमारींत येथील कायमची वस्ती ३,६६४ भरली. ऐन उन्हाळ्यांत मात्र गांवांत साठ हजारांच्या आसपास माणसें असतात. या गांवाचें एक वैशिष्ट्य असें कीं, त्याच्यावरून पुढें कोठेंहि जातां येत नाहीं. रस्ता येथेंच संपतो. तेव्हां दुसरीकडे जातांना वाटेंत लागलें म्हणून कोणी प्रोव्हिन्सटाउनला उतरत नाहीं. जो येतो तो मुद्दाम येतो.

मुद्दाम नसतांनाहि जे आले ते मात्र अमेरिकेच्या इतिहासांत अमर होऊन बसले. १६२० च्या नोव्हेंबरांत 'मेफ्लॉवर' जहाजांतून इंग्लंडहून निघालेले धर्मनिष्ठ लोक वाऱ्यामुळें भरकटून प्रथम या बंदरांत येऊन थांबले. आपल्या वसाहतीचा कारभार सर्वांच्या संमतीनें चालवावा, असा त्यांनीं करार केला तोहि याच बंदरांत, जहाजावर. कांहीं आठवड्यांनीं ते समोरच्या किनाऱ्यावर प्लिमथ येथें जाऊन स्थायिक झाले. त्यांच्या स्मरणार्थ प्रोव्हिन्सटाउनच्या टेकडीवर २५२ फूट उंचीचा दगडी मनोरा उभा आहे. १९०७ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या हस्तें त्याची कोनशिला बसली व १९१० सालीं अध्यक्ष टॅफ्ट यांच्या उपस्थितींत त्याचें उद्घाटन झालें. आपल्या मताप्रमाणें ईश्वराची उपासना करतां यावी म्हणून घरदार सोडणाऱ्या या आश्रयार्थी मंडळींनीं १६३६ सालीं प्लिमथ येथें जो कायदा केला, त्यांत पुरुषापुरुषांतील शरीरसंबंधाला देहान्ताची शिक्षा सांगितली होती, हेंहि येथेंच नमूद केलें पाहिजे. स्वतः आसरा शोधणारा मनुष्य दुसऱ्याला आसरा देतोच असें नाहीं. म्हणून प्रोव्हिन्सटाउनच्या पुढील औदार्याचें मूळ त्या मनोऱ्याच्या पायथ्याशीं शोधण्यांत अर्थ नाहीं. तें शोधावयाचें तर खालच्या कोळीवाड्यांत उतरलें पाहिजे.

१७२७ सालीं या वस्तीला गांवाचा दर्जा मिळाला. परंतु येथील जमिनीची मालकी मात्र सरकारकडेच राहिली होती. लोक घरें बांधीत, घरें विकीत, मुलांना वारशानें देत. पण घराखालची जमीन कागदोपत्रीं त्यांची नव्हे, अशी विलक्षण स्थिति १८९३ पर्यंत चालली. अशा अधांतरीं गांवांत घरंदाजपणाचा फारसा ताठा राहिला नाहीं, तर त्यांत नवल नाहीं. चरितार्थाचें साधन म्हणजे समुद्र. कॉड मासा धरणें, खारवणें व सुकविणें आणि देवमाशांच्या शिकारीला दूरवर जाणें, यांवर गांव भरभराटलें. शिकारीचीं जहाजें अटलांटिक महासागरांतील अझोर्स बेटांना लागत. तेथील पोर्तुगीज दर्यावर्दी खलाशी म्हणून त्यांवर चढत आणि सफर संपली म्हणजे प्रोव्हिन्सटाउनला उतरत. मागाहून त्यांच्या बायका, भाऊ, पुतणे आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जुन्या इंग्रज घराण्यांच्या बरोबरीनें पोर्तुगीज कॅथॉलिक कोळ्यांची एक मोठी वस्ती तेथें झाली. हे लोक परक्या भाषेचे, परक्या पंथाचे, सावळ्या वर्णाचे. म्हणून जुन्या वस्तीनें त्यांना बरोबरीनें वागविलें, असें नाहीं. 'तुम्ही आमच्यांतले नव्हेत' हें वाक्य कानांवर पडलें म्हणजे काय वाटतें, हें त्यांना चांगलें ठाऊक होतें.

पुढें या कोळ्यांवर वाईट दिवस आले. खनिज तेलाचा उपयोग वाढल्यावर देवमाशाच्या तेलाची किंमत उतरली. १८९८ च्या नोव्हेंबरांत झालेल्या एका भयंकर तुफानांत बंदरांतील कित्येक धक्के व होड्या नाहींशा झाल्या. पुरुष समुद्रावर गेले तर परत येतीलच याचा भरंवसा नाहीं, आणि आले तरी होडींत मासे असतीलच याचाहि नाहीं. अशा वेळीं घर सांवरलें तें घरांतील बाईनें. माडीवरची एक खोली रिकामी करावी, स्वच्छ चादर घालावी, उन्हाळ्यापुरती ती पाहुण्याला द्यावी, हा धंदा घरोघरीं सुरू झाला. १८७३ सालीं गांवापर्यंत आगगाडी आली होतीच. त्यामुळें पाहुण्यांची ये-जा सुलभ झाली.

पाहुणे आले ते प्रथम चित्रकार. १८९९ सालीं चार्ल्स हॉथॉर्न नांवाच्या चित्रकारानें येथें उघड्या हवेंत चित्रकला शिकविणारी शाळा काढली. समुद्रावरचा स्वच्छ प्रकाश आणि कोळ्यांचे रापलेले चेहरे यांची त्याला मोहिनी पडली होती. त्यानें काढलेलें कोळ्यांचें चित्र आजहि गांवच्या नगरभवनांत आहे. १९१४ सालीं युरोपांत महायुद्ध पेटलें आणि पॅरिसला राहणारे अमेरिकन कलावंत मायदेशीं परतले. त्यांतील पुष्कळांनीं प्रोव्हिन्सटाउन गांठलें. १९१६ च्या उन्हाळ्यांत तर धक्क्यावरच्या एका जुन्या मासळीच्या वखारींत कांहीं हौशी मंडळींनीं रंगभूमि उभारली आणि त्या वेळीं अज्ञात असलेल्या यूजीन ओनील या तरुण लेखकाचें नाटक तेथें प्रथम रंगलें. पुढें नोबेल पारितोषिक मिळविलेल्या या नाटककाराच्या कारकीर्दीचा आरंभ मासळीचा वास न गेलेल्या त्या वखारींत झाला. त्याच उन्हाळ्यांत मार्सडेन हार्टले व चार्ल्स डेमथ हे दोन चित्रकार गांवांत राहात होते. दोघेहि समलिंगी होते, आणि दोघांचींहि नांवें आज अमेरिकन चित्रकलेच्या इतिहासांत आदरानें घेतलीं जातात.

कलावंतांच्या पाठोपाठ, त्यांच्यांतलेच व त्यांच्या आधारानें येणारे, असे समलिंगी पुरुष व स्त्रिया उन्हाळ्यांत येथें येऊं लागल्या. शहरांत त्यांना पोलिसांचें भय, मालकाचें भय, घरच्यांचें भय. येथें खोली देणाऱ्या पोर्तुगीज बाईचे प्रश्न थोडे असत. भाडें वेळेवर द्याल ना? रात्रीं गोंधळ घालणार नाहीं ना? खोली नीट ठेवाल ना? या परीक्षेंत हे पाहुणे उत्तम रीतीनें उतरले. पुढल्या वर्षीं ते पुन्हा आले. त्यापुढल्या वर्षीं मित्रांना घेऊन आले. दहा-दहा, वीस-वीस वर्षें तीच खोली, तीच घरधनीण, असा परिपाठ पडला. या गांवाचा सविस्तर इतिहास लिहिणाऱ्या कॅरन क्राहुलिक या विदुषीनें आपल्या २००५ च्या ग्रंथांत हेंच दाखविलें आहे कीं, येथील सहिष्णुता कोणा तत्त्ववेत्त्याच्या उपदेशांतून आली नसून ती पुष्कळ अंशीं या भाड्याच्या खोल्यांतून आली. कोणी म्हणेल, मग तें औदार्य कसलें? तो तर व्यवहार! परंतु ज्या व्यवहारांत रोजच्या रोज माणसाचें तोंड दिसतें तो नुसता व्यवहार राहात नाहीं. सकाळीं त्याच चुलीवरचा चहा पिणारा, आजारी पडल्यास जिनें पेज करून द्यावी असा मनुष्य पापी किंवा विकृत आहे, असें त्या बाईला कोणीं कितीहि सांगितलें तरी तिला तें पटणें कठीण होत जातें.

नाटककार टेनेसी विल्यम्स १९४० सालीं प्रथम येथें आला. त्या वेळीं त्याचें वय एकोणतीस वर्षांचें असून त्याला फारसें कोणी ओळखत नव्हतें. येथेंच एका तरुण नर्तकावर त्याचें प्रेम जडलें आणि उन्हाळा संपतांना तें तुटलेंहि. तें दुःख त्यानें जन्मभर बाळगलें. तरीहि तो पुन्हा पुन्हा या गांवीं येत राहिला. १९४७ च्या उन्हाळ्यांत तो येथें एका झोंपडीवजा घरांत राहात असतां 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या नाटकांतील मुख्य पुरुषपात्रासाठीं नटाचा शोध चालू होता. मार्लन ब्रँडो नांवाचा तरुण नट त्याला भेटावयास आला तेव्हां घरांतील वीज गेलेली होती आणि नळहि तुंबला होता. ब्रँडोनें आधीं दोन्ही दुरुस्त केलीं, मग नाटकांतील भाषणें वाचून दाखविलीं, असें विल्यम्सनें आपल्या आठवणींत लिहिलें आहे. ती भूमिका अर्थातच त्याला मिळाली.

हें सर्व ऐकून प्रोव्हिन्सटाउनमध्यें नित्य सलोखा नांदत होता, अशी समजूत होईल तर ती चुकीची ठरेल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत समलिंगी माणसांविरुद्ध मोठी लाट उसळली. सरकारी नोकऱ्यांतून त्यांना हुडकून काढण्यांत येऊं लागलें. ती लाट या टोंकापर्यंतहि पोंचली. १९५२ सालीं गांवच्या कारभारी मंडळानें 'सभ्य' नागरिकांना उद्देशून एक जाहीर आवाहन काढलें आणि अशा लोकांना गांवांत थारा देऊं नये असें बजावलें. त्यानंतरच्या वर्षांत पोलिसांचा जाचहि वाढला. परंतु आवाहन काढणारे व खोल्या भाड्यानें देणारे एकाच गांवचे, पुष्कळदां एकाच घरचेहि. पाहुण्यांना घालवून दिलें तर हिवाळ्यांत खावयाचें काय, हा प्रश्न कारभाऱ्यांना सुटला नाहीं आणि घरधनिणींनीं तो सोडविण्याचा प्रयत्नहि केला नाहीं. खोल्या पूर्वींप्रमाणें भाड्यानें जात राहिल्या. हुकुमापेक्षां सवयीचें बळ अधिक असतें, याचें हें एक उदाहरण होय.

१९६९ सालीं न्यूयॉर्कमध्यें पोलिसांच्या छाप्याविरुद्ध समलिंगी व पारलिंगी लोकांनीं उघड प्रतिकार केला आणि त्यानंतर अमेरिकाभर त्यांच्या हक्कांच्या चळवळीला जोर चढला. तिचा परिणाम प्रोव्हिन्सटाउनमध्यें असा झाला कीं, कालचा पाहुणा आजचा घरमालक होऊं लागला. म्हाताऱ्या झालेल्या घरधनिणींचीं घरें त्यांच्या जुन्या पाहुण्यांनींच विकत घेतलीं, डागडुजी करून रंगविलीं आणि तेथें स्वतःच पाहुण्यांचें स्वागत आरंभिलें. १९७८ सालीं अशा धंदेवाल्यांनीं एक व्यापारी संघ स्थापून समलिंगी प्रवाशांना उघड उघड आमंत्रण देण्यास सुरुवात केली. जें पूर्वीं दबक्या आवाजांत एकानें दुसऱ्याला सांगावयाचें तें आतां छापील पत्रकांत आलें. १९८४ सालीं वसतिगृहें चालविणाऱ्या स्त्रियांनीं एकत्र येऊन ऑक्टोबर महिन्यांत स्त्रियांसाठीं खास मेळावा भरविला. तो पुढें दरसालचा झाला.

याच सुमारास गांवावर कठीण प्रसंग गुदरला. एड्स हा रोग १९८१ सालीं प्रथम अमेरिकेंत ओळखला गेला आणि समलिंगी पुरुषांत त्यानें विशेष संहार केला. औषध नाहीं, रोगाचें ज्ञान अपुरें, आणि भीति मात्र अमर्याद. शहरांतील कित्येक रुग्णांना घरमालकांनीं बाहेर काढलें. रुग्णालयांतहि त्यांच्या जवळ जावयास माणसें कचरत. अशांपैकीं पुष्कळांनीं, जेथें आपले सुखाचे उन्हाळे गेले तेथें अखेरचे दिवस काढावे म्हणून, प्रोव्हिन्सटाउनची वाट धरली. लहानसें गांव, जवळ मोठें रुग्णालय नाहीं, उपचारासाठीं बोस्टनपर्यंत धांव घ्यावयाची. तरी १९८३ सालींच गांवानें एड्सग्रस्तांच्या साहाय्यासाठीं मंडळ स्थापन केलें. त्याच्या संस्थापकांत ॲलिस फोली ही गांवची परिचारिका होती. स्वयंसेवक रुग्णांना मोटारीनें बोस्टनला नेत, घरीं जेवण पोंचवीत, रात्रीं उशाशीं बसत. या कामांत समलिंगी स्त्रिया पुढें होत्या, आणि जुन्या कोळी कुटुंबांतील माणसेंहि होतीं. १९९६ सालीं या रोगानें पीडलेल्यांना परवडेल असें राहण्याचें घर गांवांत उघडण्यांत आलें, त्याला 'फोली हाउस' असें नांव दिलें आहे.

त्या दिवसांचें स्मारक २०१८ च्या जूनमध्यें नगरभवनाशेजारीं उभें राहिलें. लॉरेन यूइंग या शिल्पकर्तीनें घडविलेला तो एक भला मोठा चौरस पाषाण आहे. त्याच्या माथ्यावर समुद्राच्या लाटा कोरलेल्या असून त्या जणुं एका क्षणीं थिजल्या आहेत. टेकडीवरचा मनोरा गांवांत येऊन निघून गेलेल्यांचा आहे. खालचा हा पाषाण येथें येऊन येथेंच राहिलेल्यांचा आहे. गांवाच्या स्वभावाची ओळख दुसऱ्यावरून अधिक होते.

यानंतरचा टप्पा विवाहाचा. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानें १८ नोव्हेंबर २००३ रोजीं निर्णय दिला कीं, समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क नाकारणें त्या संस्थानच्या घटनेशीं विसंगत आहे. १७ मे २००४ पासून तेथें असे विवाह होऊं लागले. संयुक्त संस्थानांत हा हक्क देणारें तें पहिलेंच संस्थान. परंतु १९१३ सालच्या एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन गव्हर्नरनें फर्माविलें कीं, जीं जोडपीं दुसऱ्या संस्थानांतून आलीं आहेत व जेथें असा विवाह मान्य नाहीं, त्यांना परवाना देऊं नये. प्रोव्हिन्सटाउनला हें मान्य होणें शक्य नव्हतें; कारण बाहेरून येणारांचें स्वागत हाच त्या गांवाचा धर्म. गांवच्या कचेरीनें बाहेरच्या जोडप्यांनाहि परवाने दिले. कांहीं दिवसांतच संस्थानच्या मुख्य कायदेअधिकाऱ्यानें हुकूम पाठवून तें थांबविलें. २००८ च्या जुलैअखेर तो १९१३ चा कायदा रद्द झाला आणि बाहेरच्या जोडप्यांना मार्ग मोकळा झाला. ज्या गांवच्या कारभाऱ्यांनीं १९५२ सालीं पाहुण्यांना थारा देऊं नका म्हणून सांगितलें, त्याच गांवच्या कारभाऱ्यांनीं बावन्न वर्षांनीं पाहुण्यांसाठीं गव्हर्नरशीं भांडण घेतलें.

अगत्य हें यजमानाकडूनच असतें असें नव्हे. पाहुण्याकडूनहि कांहीं द्यावयाचें असतें, याची प्रचीति २०२१ सालीं आली. त्या वर्षीं कोविडच्या लशी टोंचून झाल्या होत्या आणि जुलैंत हजारों लोक निर्धास्तपणें गांवांत जमले. थोड्याच दिवसांत त्यांच्यांत साथ पसरली. अशा वेळीं लाजेनें किंवा भीतीनें माणसें आजार लपवितात, हा सर्वत्रचा अनुभव. येथें उलट झालें. पाहुण्यांनीं आपण होऊन तपासण्या करून घेतल्या, आपण कोठें गेलों, कोणास भेटलों, हें अधिकाऱ्यांना सांगितलें. त्यावरून मॅसॅच्युसेट्समधील ४६९ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतील ७४ टक्के लोक लस घेतलेले होते, असें दिसून आलें. लस घेतलेल्या माणसाकडूनहि त्या नव्या प्रकारच्या विषाणूचा प्रसार होऊं शकतो, हें अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेच्या ध्यानांत येण्यास ही माहिती फार उपयोगी पडली. पांच रुग्णांना रुग्णालयांत ठेवावें लागलें. त्या नोंदींत मृत्यु एकहि नव्हता. एड्सच्या काळीं गुप्ततेची किंमत काय पडते हें ज्या समाजानें भोगलें होतें, त्यानें या वेळीं सत्य सांगण्यांत कसूर केली नाहीं.

आज उन्हाळ्याच्या संध्याकाळीं कमर्शियल स्ट्रीटवर जो देखावा दिसतो तो शब्दांत आणणें कठीण आहे. हातांत हात घालून चाललेले वृद्ध पुरुष, बाबागाडी ढकलणाऱ्या दोन माता, चित्रांचीं दुकानें, तळलेल्या मासळीचा व पोर्तुगीज पावाचा दरवळ, आणि गर्दींतून वाट काढीत आपल्या रात्रीच्या खेळाची जाहिरात करणारे स्त्रीवेषधारी नट! मराठी श्रोत्यांना अशा वेळीं बालगंधर्वांचें स्मरण व्हावें हें साहजिक आहे. पण दोहोंत भेद आहे. बालगंधर्वांच्या कलेचें सामर्थ्य नट पुरुष आहे हें विसरावयास लावण्यांत होतें. या नटांची गंमत तें क्षणभरहि विसरूं न देण्यांत आहे. ऑगस्टांत मोठी मिरवणूक निघते. जूनअखेर पोर्तुगीज उत्सव भरतो आणि धर्मगुरु होड्यांना आशीर्वाद देतात; ही प्रथा १९४८ पासून चालत आली आहे. बंदरांत शिरणाऱ्या बोटीवरून धक्क्याच्या टोंकाशीं असलेल्या जुन्या इमारतीवर पांच वयस्क पोर्तुगीज स्त्रियांचीं प्रचंड कृष्णधवल छायाचित्रें दिसतात. २००३ सालीं तीं प्रथम लावण्यांत आलीं. पुरुषांप्रमाणें यांनींहि समुद्राला तोंड दिलें, असा त्यांचा आशय आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला प्रथम दर्शन घडतें तें या घरधनिणींचें, हें सर्वथा योग्यच आहे.

मात्र या घरधनिणींचीं नातवंडें आज त्या गांवांत फारशीं राहिलेलीं नाहींत, ही गोष्ट झांकून ठेवतां येणार नाहीं. जेथें सर्वांनाच यावेंसें वाटतें तेथील जमीन महाग होते. प्रोव्हिन्सटाउनमध्यें साधें घर घ्यावयाचें तरी दहा लाख डॉलर अपुरे पडावे, अशी आज स्थिति आहे. पुष्कळ घरें धनिकांनीं केवळ उन्हाळ्यासाठीं घेतलीं असून हिवाळ्यांत त्यांचीं दारें बंद असतात. कोळ्यांच्या मुलांना गांवांत राहणें परवडत नाहीं. शिक्षक, परिचारिका, स्वयंपाकी यांनाहि नाहीं. उपाहारगृहांत व वसतिगृहांत राबणारी बरीचशी माणसें जमैका, बल्गेरिया अशा दूरदूरच्या देशांतून हंगामापुरतीं येतात, आणि त्यांना रात्रीं पाठ टेंकावयास जागा कोठें द्यावी हा मालकांपुढें दरसाल प्रश्न असतो. २०१३ सालीं गांवची माध्यमिक शाळा बंद झाली. शेवटच्या वर्षीं तीमधून आठच विद्यार्थी उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. एके काळीं बिऱ्हाडाला खोली मिळत नसे ती माणूस निराळा म्हणून. आज मिळत नाहीं ती पैसा नाहीं म्हणून. ज्या तरुण समलिंगी मुलामुलींना आसऱ्याची सर्वांत अधिक गरज, त्यांचेच खिसे बहुधा रिकामे असतात. तेव्हां दारावर स्वागताची पताका फडकत असली तरी दाराच्या आंत राहणारें कोणी नसेल, तर त्या स्वागताचा उपयोग किती, हा प्रश्न गांवच्या सभांतून वारंवार चर्चिला जातो. बेताच्या भाड्याचीं घरें बांधण्याची खटपट चालू आहे; पण समुद्रानें वेढलेल्या गांवांत जमीन वाढवितां येत नाहीं.

प्रोव्हिन्सटाउनच्या या हकीगतीवरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. अगत्य हा कोणा एका देशाचा किंवा धर्माचा जन्मजात गुण नव्हे. तें गरजेंतून उगवतें, सहवासानें वाढतें, संकटांत कसाला लागतें, आणि राखलें नाहीं तर हातचें जातें. भारतांत ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सज्ञान व्यक्तींच्या संमतीनें होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या सदरांतून काढून टाकले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं त्याच न्यायालयानें विवाहाचा हक्क मात्र मान्य केला नाहीं. तो विषय कायदेमंडळाचा आहे असें म्हटलें. न्यायालयें आपल्या गतीनें आपलें काम करतील. परंतु अनोळखी जोडप्याला खोली द्यावयाची कीं नाहीं, भाडेकरूच्या घरीं कोण येतें-जातें याची चौकशी किती करावयाची, आपल्याच नात्यांतल्या मुलानें एखादा सोबती घरीं आणला तर ताट वाढावयाचें कीं नाहीं, हे निर्णय न्यायालयांत होत नाहींत. ते घराघरांच्या उंबरठ्यावर होतात. त्या टोंकावरच्या गांवांत ते प्रथम केले ते फारशा न शिकलेल्या कोळणींनीं. त्यांनीं कोणतेंहि तत्त्वज्ञान वाचलें नव्हतें. पाहुणा भाडें देतो, खोली नीट ठेवतो आणि उन्हाळ्यांत पुन्हा येतो, एवढेंच त्यांनीं पाहिलें होतें. आणि माणूस ओळखावयास तेवढें त्यांना पुरलें.